टुविक्सची बाजू कोण मांडणार?

सोमवार, ६ मे १९९६. रात्री आठ वाजता नऊ नंबरच्या चॅनेलवर ‘स्टार ट्रेक : व्हॉयेजर’ लागायची. त्या वेळेला एडिसनमधल्या आमच्या एका बेडरूमच्या घरात पाच-सहा माणसं हमखास जमायची. मी, नवरा, त्याच्या कंपनीतला एक मित्र, नागपूरहून रेसिडेन्सीसाठी आलेला एक डॉक्टर, मराठी विश्व या मंडळाच्या गणपतीत ओळख झालेली माझी कोल्हापूरची मैत्रीण आणि वरच्या मजल्यावरचे एक अमेरिकन आजोबा. आजोबांनी १९६६ सालची पहिली ‘स्टार ट्रेक’ मालिका तेव्हाच्या तेव्हा पाहिली होती, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं. न्यू जर्सीत येऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं. आठच्या आत खिचडीचा कुकर उतरवायचा आणि भाग संपला की सगळ्यांनी मिळून जेवायचं, असा नेम होता. त्या रात्री खिचडी निवून गेली. साडेअकरापर्यंत कुणी ताट वाढून घेतलं नाही.

भागाचं नाव ‘टुविक्स’. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट सांगते. व्हॉयेजर हे जहाज सत्तर हजार प्रकाशवर्षं लांब फेकलं गेलंय, घरी पोचायला पंचाहत्तर वर्षं लागणार आहेत. जहाजाचा सुरक्षाप्रमुख टुवॉक हा व्हल्कन, भावनांना लगाम घालून जगणारा. स्वयंपाकी नीलिक्स बडबड्या, येईल त्याच्या गळ्यात पडणारा. दोघं एका ग्रहावर ऑर्किड गोळा करायला जातात. परतताना ट्रान्सपोर्टरमध्ये, म्हणजे माणसाचे कण विलग करून दुसरीकडे पुन्हा जुळवणाऱ्या यंत्रात, काहीतरी बिघडतं आणि दोघांऐवजी एकच माणूस समोर उभा राहतो. दोघांच्या आठवणी त्याच्यात आहेत, दोघांचं कसब आहे, दोघांची माया आहे, आणि तरी तो तिसराच कुणीतरी आहे. दोन नावं जोडून तो टुविक्स होतो. सुरक्षेचं काम चोख करतो, नीलिक्सपेक्षा चांगलं रांधतो, लोकांना आवडायला लागतो. काही आठवड्यांनी दोघांना पुन्हा वेगळं करायची युक्ती सापडते. टुविक्स म्हणतो, मला मरायचं नाही. कॅप्टन जेनवे त्याचं ऐकून घेते आणि त्याच्या मनाविरुद्ध त्याला वेगळं करते. टुवॉक आणि नीलिक्स परत येतात. ती बाहेर पडते, कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर राहतो आणि भाग संपतो.

जेनवेने खून केला की आपली दोन माणसं वाचवली? जवळपास तीस वर्षं मी हा वाद घालते आहे. दिवाणखान्यात, गाडीत, फोनवर, एकदा तर लग्नाच्या पंगतीत. त्यातून जे पदरात पडलं ते असं.

१. आधी टेप मागे फिरवा.

नवरा प्रत्येक भाग रेकॉर्ड करायचा, म्हणून पहिल्याच रात्री एक नियम झाला. ‘त्यात असं होतं’ असं जो म्हणेल, त्याने ते टेपवर दाखवायचं. नवऱ्याचा मित्र ठासून सांगत होता की शेवटी टुविक्सने मान्य केलं होतं. टेप लावली. तो मान्य करत नाही. ब्रिजवर, म्हणजे जहाजाच्या नियंत्रणकक्षात, सगळ्या सहकाऱ्यांसमोर तो विनवण्या करतो. हे चुकीचं आहे हे कुणालाच दिसत नाही का, असं विचारतो. आता काही होणार नाही हे कळल्यावर तो म्हणतो की तुम्ही भली माणसं आहात, मी तुम्हाला माफ करतो. मित्राच्या लक्षात फक्त ती माफी राहिली होती, आणि मनाने तिची संमती करून टाकली होती. पुढे कितीतरी जणांच्या तोंडून मी हेच ऐकलं, ‘शेवटी तो तयार झाला ना!’ आपल्याला ज्याचा त्रास होतो ते आपण आठवणीत थोडं मऊ करून ठेवतो, हे मला त्या टेपमुळे कळलं.

माझीही एक आठवण अशीच खोटी निघाली. टेप हाताशी नव्हती तेव्हा मी लोकांना सांगायचे, जेनवेने हुकूम सोडला आणि जहाजावरच्या डॉक्टरने ते काम केलं. डॉक्टरने साफ नकार दिला होता. ते काम जेनवेने स्वतःच्या हाताने केलं. एवढ्या एका फरकाने तिच्याबद्दलचं माझं मत दोन्ही बाजूंनी हललं. तिने ते ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर टाकलं नाही, हे खरं. आणि थांबण्याची एक संधी तिला मिळाली होती, तीही तिने घेतली नाही, हेही खरं.

२. सगळ्यांनाच टाकाऊ वाटलेला भाग वादाच्या कामाचा नसतो.

त्याच वर्षी जानेवारीत ‘थ्रेशोल्ड’ नावाचा भाग लागला होता. त्यात अतिवेगाने प्रवास केल्यामुळे जहाजाचा चालक टॉम पॅरिस आणि जेनवे यांचं पालीसारख्या प्राण्यांत रूपांतर होतं. त्याच्या रंगभूषेला एमी पुरस्कार मिळाला, पण आमच्या घरात त्याच्यावर दहा मिनिटांच्या वर कुणी बोललं नाही. वाईट आहे यावर सगळ्यांचं एकमत होतं आणि विषय तिथेच मिटला. ‘टुविक्स’वर बोलताना मात्र प्रत्येक जण दुसऱ्याला सांगत होता, तू पाहिलंसच नाहीस. एखाद्या भागाने माणसं दुभंगली की त्याला फसलेला म्हणायची घाई लोक करतात. मला तसं वाटत नाही. दोन्ही बाजूंना खरी कारणं द्यायची तर लिहिणाऱ्याचा हात पक्का लागतो.

३. बेरजेने सुरुवात करू नका.

नवऱ्याचं पहिलं वाक्य होतं, ‘दोघं गेले, एक आला. तो एक दिला की दोघं मिळतात. यात अवघड काय आहे?’

आजोबांनी पहिल्या मालिकेतल्या स्पॉकचं नाव काढलं. १९८२ सालच्या ‘द रॅथ ऑफ खान’ चित्रपटात स्पॉक किरणोत्साराने भरलेल्या कक्षात शिरतो, जहाज वाचवतो आणि मरतो. बहुतांची गरज एकाच्या गरजेहून मोठी, हा त्याचा हिशेब. नवऱ्याला वाटलं आजोबा आपल्या बाजूचे. आजोबा म्हणाले, ‘स्पॉक स्वतःच्या पायांनी आत गेला. त्याला कुणी ढकललं नव्हतं.’ मग त्यांनी १९८४ सालच्या पुढच्या चित्रपटाची आठवण दिली. त्यात त्याच स्पॉकला परत मिळवताना कॅप्टन कर्क जहाज गमावतो, मुलगा गमावतो. तिथे एकासाठी बहुतांनी किंमत मोजली आणि आम्हाला ते चुकीचं वाटलं नाही, असं ते म्हणाले.

पुढे मी कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळी नीतिशास्त्राचा वर्ग केला. फिलिपा फूट यांनी १९६७ साली मांडलेला ट्रॉलीचा प्रश्न तिथे शिकले. रुळावर पाच माणसं आहेत, दुसऱ्या रुळावर एक, सुकाणू तुमच्या हातात आहे, गाडी वळवाल का? ज्युडिथ जार्व्हिस थॉमसन यांनी त्याच्या शेजारी एक सर्जन उभा केला. पाच रोगी अवयवांवाचून मरायला टेकलेत आणि तपासणीला एक धडधाकट माणूस आलाय. त्याला कापून त्या पाचांना वाचवायचं का? ट्रॉलीला हात वर करणाऱ्यांपैकी सर्जनच्या वेळी एकाचाही हात वर गेला नाही. बेरीज तर तीच होती. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तुझा हिशेब या सर्जनचा आहे.

तो दोन दिवस विचार करत होता. तिसऱ्या दिवशी भाजी चिरताना म्हणाला, ‘तुझा सर्जन इथे लागू पडत नाही. तो धडधाकट माणूस परका आहे. टुविक्सच्या अंगात जे आहे ते त्या दोघांचंच आहे. त्याने चोरलं नाही, कबूल. पण आहे त्यांचंच.’ इथे मी अडखळले. आजही अडखळते. मी जन्मलो तेच मुळी दुसऱ्यांच्या शरीरातून, आणि ती शरीरं परत करायची तर मी उरत नाही, अशा माणसासाठी कुठल्याच पुस्तकात तयार उदाहरण नव्हतं. बेरीज-वजाबाकीने बोलायला लागलो की ही अडचण दिसतच नाही. आकडे बाजूला ठेवले तेव्हा कुठे ती दिसली.

४. जो ‘नाही’ म्हणतोय त्याचं आधी ऐका.

नागपूरचा डॉक्टर या वादात फारसा पडायचा नाही. त्याचं एकच म्हणणं होतं, ‘पेशंट नको म्हणतोय. विषय संपला.’ आम्ही त्याला हटवादी म्हणायचो. मग एका रात्री त्याने सांगितलं. भारतात १९९४ साली अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला, त्याच्या आगेमागे तो इंटर्न होता. किडनी देणाऱ्याला घरची माणसं घेऊन यायची. देणारी बहुतेकदा आई, नाहीतर बायको. त्याच्या सरांनी शिकवलं होतं की तिला नातेवाइकांपासून बाजूला न्यायचं, दार लावायचं आणि मग विचारायचं, ‘बाई, तुम्हाला खरंच द्यायची आहे का?’ एकदा एक बाई काहीच बोलली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत बसली. सरांनी वाट पाहिली. मग बाहेर येऊन नातेवाइकांना सांगितलं, ‘जुळत नाही.’

‘तिचं नाही ऐकायला आम्हाला दार लावावं लागलं होतं,’ डॉक्टर म्हणाला. ‘टुविक्स तर सगळ्यांदेखत ओरडून सांगतोय.’

व्हॉयेजरवरचा डॉक्टर माणूस नाही. तो एक प्रोग्रॅम आहे, प्रकाशाने घडवलेली आकृती. संपूर्ण जहाजावर उघड नकार देणारा तो एकटाच. वैद्याने अपाय करायचा नाही, याच्या मनाविरुद्ध मी याचा जीव घेणार नाही, एवढंच तो सांगतो. नागपूरच्या डॉक्टरने तो तुकडा टेपवर इतक्या वेळा पाहिला की त्या जागी चित्रात पांढऱ्या रेघा यायला लागल्या.

२००० साली इंग्लंडमध्ये जोडलेल्या जुळ्या बाळांचा खटला गाजला, तेव्हा डॉक्टर टेक्सासला होता. तिथून त्याचा फोन आला. वेगळं केलं तर एक बाळ मरणार, न केलं तर दोन्ही. आईवडील शस्त्रक्रियेला तयार नव्हते. तीन न्यायाधीशांनी परवानगी दिली. मला तेव्हा चौथा महिना होता, मला ते नीट ऐकवतही नव्हतं. तो म्हणाला, ‘निकाल बाजूला ठेव. दोन्ही बाळांसाठी वेगवेगळे वकील होते, हे बघ. जे बाळ जाणार होतं त्याच्यासाठीसुद्धा एक माणूस उभा होता.’ शिवाय तिथे हात न लावता दोघांना जगवायचा मार्गच नव्हता. टुविक्स ठणठणीत होता. त्याच्यामुळे कुणाचं हृदय बंद पडणार नव्हतं.

५. कॅप्टनच्या खुर्चीत बसून बघा, पण तिथेच बसून राहू नका.

१९९६ साली मी जेनवेच्या बाजूची होते. माझ्या मनात घर फार होतं. आठवड्यातून एक फोन, तोही घड्याळाकडे बघत करायचा. आपली माणसं परत आणणारी बाई मला चुकीची वाटणं शक्यच नव्हतं. तिची अडचणही खरी होती. जवळ ना वरिष्ठ, ना न्यायालय. दीडशेच्या आसपास माणसं, त्यातला एक तिचा जुना मित्र आणि सुरक्षाप्रमुख, जो एका अपघातात नाहीसा झाला. नीलिक्सची प्रेयसी तिच्यापाशी येऊन रडते, मला तो परत हवा आहे म्हणते. टुविक्सला ती आवडते, पण त्याच्यात तिला तिचा माणूस दिसत नाही. हा प्रसंग मी कधीच कोरड्या डोळ्यांनी पाहिलेला नाही.

आजोबांनी मात्र सात आठवडे आधीचा ‘डेडलॉक’ पुढे केला. त्यात व्हॉयेजरची दोन जहाजं होतात, दोन जेनवे होतात, आणि शत्रू चढून आल्यावर त्यांतली एक आपलं जहाज स्वतः उडवून देते म्हणजे दुसरं वाचावं. ‘ती जेनवे स्वतः जहाजावर होती,’ आजोबा म्हणाले. ‘दुसऱ्याकडून त्याग मागणं आणि स्वतः करणं, तिला दोन्ही येतं. म्हणून तिच्याकडून माझी अपेक्षा जास्त.’ माझ्याजवळ उत्तर नव्हतं. बाजू मी लगेच बदलली नाही, त्याला काही वर्षं लागली.

६. दुःख कळलं म्हणून भांडायचं थांबवू नका.

कोल्हापूरची मैत्रीण जेनवेची सगळ्यांत कडवी पाठीराखी. मी जेनवेच्याच बाजूची असले तरी वादाच्या भरात एकदा बोलून गेले, ‘तसं त्या दोघांवाचून काही अडलं नव्हतं. जहाज चाललंच होतं.’ ती उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन कप विसळायला लागली. कप स्वच्छ झाले तरी नळ चालूच होता. रात्री नवऱ्याने सांगितलं, दोन वर्षांपूर्वी तिचा धाकटा भाऊ मोटरसायकलच्या अपघातात गेला. मला हे माहीत नव्हतं.

मी तिची माफी मागितली. तिने ‘जाऊ दे गं’ म्हटलं. त्यानंतर आम्ही सगळेच सांभाळून वागायला लागलो. ‘टुविक्स’चा विषय निघाला की कुणीतरी चहाचं विचारायचं. ती बोलली की सगळे माना डोलवायचे. आम्हाला वाटत होतं आम्ही तिला जपतोय.

ऑक्टोबरमध्ये एका रविवारी ती दारात उभी राहिली. हातात माझाच रिकामा डबा. आत आलीच नाही. ‘तुम्ही माझ्याशी भांडायचं का थांबवलंत?’

मी काहीतरी पुटपुटले.

‘माझा भाऊ गेला म्हणून माझा मुद्दा बरोबर ठरत नाही. चूकही ठरत नाही. मी काय म्हणतेय त्याचं उत्तर दे. टुविक्सला तोंड होतं म्हणून सगळे त्याच्यासाठी हळहळतात. टुवॉक आणि नीलिक्सला तोंड नव्हतं. मरायची परवानगी त्यांनी कुठे दिली होती? जो बोलू शकतो त्याचीच बाजू खरी, असं कुठंय?’

डबा तिच्या हातात तसाच होता. आम्ही जिन्यात बसलो. हा जेनवेच्या बाजूचा सगळ्यांत मजबूत मुद्दा आहे. जेनवे स्वतःही टुविक्सला हेच सांगते, ते दोघं इथे नाहीत म्हणून त्यांचा आवाज मला व्हायला हवं. तोवर मी याच बाजूची होते, पण मैत्रीण उत्तर मागत होती म्हणून मला उत्तर शोधावं लागलं. अंधार पडेपर्यंत आम्ही तिथे होतो. शेवटी मी म्हणाले, ‘त्यांचा आवाज कुणीतरी व्हायलाच हवा होता, बरोबर. पण जी त्यांची वकील झाली तीच न्यायाधीश झाली, आणि तीच शिक्षाही देऊन आली. तिघींचं काम एकीने केलं.’

ती खूप वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘हं. यावर विचार करते.’ कित्येक आठवड्यांनी तिचा चेहरा मला मोकळा दिसला. माझं मत पालटायला सुरुवात झाली ती त्या जिन्यात, जेनवेच्या सगळ्यांत पक्क्या समर्थकासमोर.

७. पुढच्या आठवड्याचा भाग काय सांगतो तेही बघा, पण त्याला निकाल समजू नका.

१३ मेच्या ‘रिझोल्यूशन्स’मध्ये टुवॉक जहाजाची सूत्रं हाती घेतो. टुविक्सचा उच्चारही नाही. त्या काळच्या मालिका अशाच बांधलेल्या असत, कुठलाही भाग कुठल्याही क्रमाने पुन्हा दाखवता यावा म्हणून. प्रेक्षकांच्या मनात मात्र तो तसाच लटकत राहिला. २०२३ साली ‘लोअर डेक्स’ या ॲनिमेशन मालिकेने ‘टूविक्स’ नावाचा विनोदी भाग काढून तो धागा पुन्हा उचलला. सत्तावीस वर्षांनी तो विषय नुसता सुचवला तरी प्रेक्षक ओळखतात, यात सगळं आलं.

८. नवी माणसं वादात येऊ द्या.

मुलगी पंधरा वर्षांची असताना तिने ‘टुविक्स’ पहिल्यांदा पाहिला. आमच्या बाजू, आमची जुनी उदाहरणं, काहीच तिला ठाऊक नव्हतं. तिने पहिला प्रश्न विचारला तो आम्हा कुणालाच वीस वर्षांत सुचला नव्हता, ‘एवढी घाई कशाला? थांबायला काय झालं होतं?’ खरंच, जहाजावर कुणी मरायला टेकलेलं नव्हतं. वेळ होता. आपण दोनच पर्याय धरून बसलो होतो, कारण भागाने दोनच दाखवले होते.

कॉलेजात ती जीवशास्त्राकडे गेली. एका सुट्टीत घरी आली ती जीवशास्त्रज्ञ लिन मार्गुलिस यांचं नाव घेऊनच. भागात टुविक्स कसा झाला हे सांगताना ‘सिम्बायोजेनेसिस’ हा शब्द येतो. तो लेखकांनी हवेतून काढलेला नाही. मार्गुलिस यांनी १९६७ साली मांडलं की आपल्या पेशींतली मायटोकॉन्ड्रिया एके काळी स्वतंत्र जगणारे जीवाणू होते. दुसऱ्या एका पेशीत ते शिरले, दोघांचा संसार झाला आणि पुढे कायमचं एकच कुटुंब. त्यांचा लेख अनेक नियतकालिकांनी परत पाठवला होता, आज तो पाठ्यपुस्तकात आहे. मायटोकॉन्ड्रियात आजही स्वतःचा वेगळा डीएनए असतो, आणि आपल्याला तो आईकडून येतो.

‘आई, तुझ्या माझ्या जवळजवळ प्रत्येक पेशीत टुविक्स आहे,’ ती ओट्यापाशी उभी राहून सांगत होती. ‘त्या जीवाणूला परत दे म्हणून आपल्याला कुणी वेगळं केलं तर?’ नवरा आतून म्हणाला, ‘त्या जीवाणूची कुणी वाट बघत नव्हतं!’ मग दोघांचं जे सुरू झालं ते रात्रीपर्यंत. त्याचं म्हणणं, कुणाचं तरी कुणीतरी असणं याला वजन आहे. तिचं म्हणणं, टुविक्सही तोवर कुणाचा तरी झाला होता, लोक त्याच्या शेजारी बसून जेवत होते. मला दोघांचंही ऐकत राहावंसं वाटलं.

९. गप्प बसणाऱ्यांचे चेहरे बघा.

आता मी टुविक्सच्या बाजूची आहे, आणि त्यामागचं कारण जेनवेपेक्षा बाकीच्यांमध्ये जास्त आहे. १९८९ साली, ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या आधीच्या मालिकेत, ‘द मेजर ऑफ अ मॅन’ नावाचा एक भाग होता. डेटा हा यंत्रमानव स्टारफ्लीटची, म्हणजे अवकाशदलाची, मालमत्ता आहे की स्वतःचा मुखत्यार, यावर तिथे रीतसर सुनावणी होते. कॅप्टन पिकार्ड त्याची बाजू मांडतो. डेटाच्या विरुद्ध बोलणं भाग पडतं ते रायकरला, डेटाच्याच मित्राला, आणि तोही ते प्रामाणिकपणे करतो. दोन्हीकडून बोललं जातं, मग निकाल येतो. त्याच विश्वात, सात वर्षांनी, टुविक्सला सुनावणी मिळत नाही. जेनवेचा निर्णय एक वेळ मी समजू शकते. पण ब्रिजवर उभ्या असलेल्या, त्याच्या हातचं जेवलेल्या माणसांपैकी एकही जण ‘कॅप्टन, जरा थांबा’ म्हणत नाही. तिच्या बाजूने बोलायलाही कुणी तोंड उघडत नाही. आमच्या एडिसनच्या घरात त्या रात्री जे झालं ते त्या ब्रिजवर व्हायला हवं होतं. खिचडी निवली तरी चालेल, पण आधी सगळं बोलून होऊ दे, असं.

मागच्या डिसेंबरात मैत्रीण भारतातून आली होती. मुलगीही घरी होती. आम्ही तिघींनी तो भाग लावला. मैत्रिणीच्या भावाला जाऊन तीस वर्षं झाली असतील. तिचं मत तसूभर बदललेलं नाही, जेनवे बरोबर होती. ब्रिजचा प्रसंग आला तेव्हा मुलीने पॉज केलं. पडद्यावर टुविक्स आणि त्याच्या पलीकडे उभी माणसं.

‘मावशी, तू तिथे असतीस तर?’

‘मी जेनवेच्या बाजूने बोलले असते,’ ती म्हणाली. ‘पण त्याच्याकडे बघून बोलले असते. आणि तुझ्या आईला म्हटलं असतं, आता तू बोल.’

मुलीने पुन्हा प्ले केलं. पुढचं सगळं झालं. जेनवेचा चेहरा आला, नावं सुरू झाली. मी दिवा लावायला उठले, तर मैत्रिणीने मला खाली बसवलं आणि मुलीकडे हात पुढे केला.

‘रिमोट दे इकडे,’ ती म्हणाली. ‘डॉक्टर नाही म्हणतो, तिथून परत बघू.’